झाडाचे थुट आणि मजुरीचा हिशेब

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील ऑरेगॉन राज्यात पोर्टलंड नावाचे शहर आहे. १८४५ च्या सुमारास तेथे वस्ती सुरू झाली आणि ती इतक्या घाईने वाढली, की रस्त्यांसाठी झाडे तोडली तरी त्यांचे उरलेले बुंधे उपटून काढण्यास कोणाला सवड झाली नाही. ते भर रस्त्यात तसेच उभे राहिले. अंधारात माणसे ठेचाळू नयेत म्हणून त्यांना पांढरा रंग फासला. शेजारच्या गावांनी या गावाला थट्टेने 'स्टंपटाऊन' म्हणजे थुटांचे गाव असे नाव ठेवले, आणि ते टोपणनाव शहराला अद्याप चिकटून आहे.

झाड तोडल्यावर मुळांसह जमिनीत उभा राहणारा जो भाग, त्याला आपल्याकडे कोणी खुंट म्हणतात, कोणी बुडखा म्हणतात. वनखात्याच्या कागदपत्रांत 'थुट' हा शब्द येतो. तोच शब्द आम्ही येथे वापरणार आहोत. थुटासारख्या क्षुद्र वस्तूवर व्याख्यान काय द्यावयाचे, अशी शंका कोणाच्या मनात येईल. तिचे उत्तर आधी देतो.

कामगारांच्या तंट्यांत आमची तीस वर्षे गेली. माल वाया गेला, की पहिली नोटीस मजुराच्या नावे निघते, हा आमचा नेहमीचा अनुभव. मजूर आळशी, मजूर निष्काळजी, मजुराला मालाची किंमत नाही, ही वाक्ये आम्हांला तोंडपाठ झाली आहेत. कारखान्यात या आरोपाची शहानिशा करणे अवघड असते, कारण संध्याकाळी झाडू फिरतो आणि वाया गेलेला माल दाराबाहेर जातो. जंगलात तसे होत नाही. तेथे झालेली नासाडी जमिनीत रोवून उभी असते. लाकूडतोड्या मेला, ठेकेदार मेला, गिरणी बंद पडली, तरी थुट शंभर वर्षे साक्ष देत राहते. त्याची उंची कोणीही फूटपट्टीने मोजावी. म्हणून नासाडी कोण करतो आणि ती थांबते कशाने, या प्रश्नाचा निकाल लावावयाचा, तर थुटाइतका चांगला साक्षीदार नाही.

माणसाच्या डोक्यावरची थुटे

पॅसिफिक महासागराच्या काठाने कॅलिफोर्नियापासून कॅनडातील ब्रिटिश कोलंबियापर्यंत जी अरण्ये पसरली होती, त्यांतील झाडांची कल्पना आपल्या सागवानावरून येणार नाही. रेडवूडची झाडे तीनशे फुटांच्याही वर जातात. डग्लस फर दोनशे-अडीचशे फूट वाढतो. बुंध्याचा व्यास आठ-दहा फूट असणे ही त्या अरण्यात नवलाची गोष्ट नव्हती. १८५३ साली कॅलिफोर्नियातील कॅलाव्हेरास येथे एक प्रचंड सेकोया वृक्ष पाडण्यात आला. त्याला पुरेल अशी करवत नव्हती. पाच माणसांनी लांब गिरमिटांनी आरपार भोके पाडून तो बावीस दिवसांत आडवा केला. उरलेल्या थुटाचा माथा तासून त्यावर नाचाचा चौथरा केला आणि हौशी लोक त्यावर जोडीजोडीने नाचले.

तो तमाशाचा प्रकार झाला. धंद्यासाठी तोड करणाऱ्यांची रीत निराळी. ते झाडाच्या बुंध्यात कुऱ्हाडीने खोल खाच पाडीत, तीत टोकाला लोखंड बसवलेली फळी अडकवीत, तिच्यावर चढून आणखी वर दुसरी खाच पाडीत आणि पुन्हा फळी. अशा रीतीने जमिनीपासून आठ-दहा फूट वर, कधी त्याहूनही उंच, दोन माणसे समोरासमोरच्या फळ्यांवर उभी राहत आणि तेथून झाड तोडीत. त्या अरुंद फळीवर तोल सांभाळून दिवसभर करवत ओढावयाची. आणि झाड कलू लागले, की खाली उडी टाकून पळावयाचे. व्हॅंकूवर शहरातील स्टॅन्ली पार्कमध्ये अशी जुनी थुटे आजही आहेत. त्यांच्या अंगावरील त्या खाचा दोन डोळ्यांसारख्या दिसतात.

आता थोडा हिशेब करू. सहा फूट व्यासाच्या बुंध्याच्या एक फूट उंचीत अठ्ठावीस घनफूट लाकूड असते. थुट दोन फुटांऐवजी दहा फूट ठेवले, तर आठ फुटांचे सव्वादोनशे घनफूट लाकूड जागेवर राहिले. त्यातले निम्मे चिरताना व दोषांपायी गेले असे धरले, तरी उरलेल्यातून सात फूट उंच, तीन फूट रुंद आणि सव्वा इंच जाड अशी पन्नास दारे निघाली असती. एका झाडामागे पन्नास घरांची दारे! शिवाय बुंध्याजवळचे बरेच लाकूड जुने, पक्के आणि गाठी नसलेले असते. हे एका थुटाचे झाले. डोंगरामागून डोंगर अशा थुटांनी भरले होते.

मग ती माणसे वेडी होती काय? मुळीच नव्हती. ती आपल्या कामात निष्णात होती. झाड नेमके कोठे पडणार हे ती आधी खुंटी रोवून दाखवीत आणि पडत्या झाडाने ती खुंटी जमिनीत ठोकून दाखवीत. असे कसबी लोक दहा फूट लाकूड का सोडीत? याची पाच कारणे आहेत. ती क्रमाने पाहू, कारण नासाडीचा सारा इतिहास या पाच कारणांत आहे.

पाच कारणे

पहिले कारण झाडाचेच. बुंधा जमिनीलगत फुगलेला असतो. तेथे मुळांचे बाहू फुटतात, लाकडाचे तंतू वेडेवाकडे जातात, राळ साठते, कित्येकदा आत पोकळी किंवा कूज असते. फळीची उंची चढून गेले, की बुंधा एकदम बारीक होतो आणि कापावयाचे लाकूड पुष्कळ कमी होते. व्यास आठ फुटांवरून सहा फुटांवर आला, तर कापावयाचा पृष्ठभाग जवळजवळ निम्मा होतो. म्हणजे निम्म्या घामात तेच झाड पडते. रेडवूडचे बुडाचे ओंडके तर इतके जड असत, की ते पाण्यात तरंगण्याऐवजी बुडत. पाण्यातून वाहून न्यावयाचा माल तळाशी जाणार असेल, तर तो कापण्यात हशील काय?

दुसरे कारण हत्याराचे. १८८० च्या सुमारापर्यंत त्या किनाऱ्यावर झाड उभे तोडावयाचे ते कुऱ्हाडीने. करवत लागे ती आडव्या झाडाचे ओंडके पाडण्यास. कुऱ्हाडीला हात फिरवण्यास जागा लागते, आणि तिची खाच रुंद असल्याने ढलप्यांतच लाकूड जाते. मग दोघांनी ओढावयाची लांब करवत उभ्या झाडावर चालू लागली. लाकडाचा भुसा बाहेर ओढून काढणारे खास दाते तिला बसवले गेले. करवतीने ढलप्यांची नासाडी कमी केली. परंतु राळेने ती अडकू लागे. म्हणून लाकूडतोडे रॉकेलची बाटली जवळ बाळगीत आणि करवतीवर रॉकेल शिंपडीत. राळ सर्वांत जास्त कोठे? बुडाशी. तेव्हा करवत आली तरी बुडाशी जाण्याचा कंटाळा गेला नाही.

तिसरे कारण मापाचे, आणि याकडे आम्ही आपले विशेष लक्ष वेधतो, कारण इतिहासाच्या पुस्तकांत त्याला क्वचितच जागा मिळते. ओंडक्यातून किती फळी निघेल, हे ठरवण्यासाठी अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात काही कोष्टके तयार झाली. डॉयलचे कोष्टक आणि १८४६ साली प्रसिद्ध झालेले स्क्रिब्नरचे कोष्टक ही त्यांतली दोन नावाजलेली. या कोष्टकांत ओंडक्याचा व्यास मोजावयाचा तो बारीक टोकाला, सालीच्या आतून. याचा अर्थ असा, की जाड टोकाला बुंधा कितीही फुगलेला असो, मापात तो जवळजवळ शून्य. सर्वांत जाड, सर्वांत जड, कापण्यास सर्वांत कठीण असे जे लाकूड, त्याची मापपुस्तकात नोंदच नाही! जे मोजले जात नाही ते जपले जात नाही. हा नियम गिरणीत खरा, कचेरीत खरा, आणि जंगलातही खरा.

चौथे कारण मजुरीचे. पुष्कळ ठिकाणी झाड पाडणाऱ्यांना रोज नव्हता. पाडलेल्या लाकडाच्या मापावर पैसे मिळत. यालाच आपण तुकड्यावरील काम म्हणतो. माप वरच्या कोष्टकाचे. आता त्या मजुराच्या जागी आपण उभे राहून पाहू. खाली वाकून, राळेशी झगडून, दुप्पट लाकूड कापले, तर मापात भर पडणार अगदी थोडी. तेवढ्या वेळात वर फळीवरून दुसरे झाड निम्मे कापून होते. घरी पोरे वाट पाहत आहेत. अशा माणसाला 'लाकूड वाचव' असा उपदेश करणे म्हणजे 'आपल्या पोटाला चिमटा काढून मालकाची शिल्लक वाढव' असे सांगणे होय. तो उंच थुट सोडी, कारण त्याच्या पगाराच्या कागदावर तसेच लिहिले होते.

पाचवे कारण सर्वांत मोठे, आणि ते मालकीचे. १८७८ च्या एका कायद्याने सरकारी जंगलाची एकशेसाठ एकर जमीन एकरी अडीच डॉलरला मिळे. भाडोत्री माणसांच्या नावांवर असे तुकडे घेऊन ते एका हाती गोळा करण्याचा मोठा धंदाच चालला. १९०० साली लाकडाचे व्यापारी फ्रेडरिक वेयरहाउझर व त्यांचे भागीदार यांनी नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेकडून वॉशिंग्टन राज्यात नऊ लक्ष एकर जंगल खरेदी केले, ते एकरी सहा डॉलरला. ज्या एकरावर शेकडो वर्षांची झाडे उभी, त्याची ही किंमत! लाकूड फुकट आणि मजुराचा वेळ विकत, अशी जेथे स्थिती, तेथे मालक वाचवणार तो वेळ. १८८१ साली जॉन डॉलबीअरने ओंडके ओढणारे वाफेचे यंत्र काढले, आणि मग तर तोडीचा वेग यंत्राच्या भुकेवर ठरू लागला. थुटाकडे पाहण्यास थांबणे म्हणजे यंत्र रिकामे ठेवणे.

या पाच कारणांत आळस हे कारण कोठे आले काय? आम्ही पुष्कळ शोधले, सापडले नाही. झाड, हत्यार, माप, मजुरी आणि मालकी या पाचांनी मिळून थुटाची उंची ठरवली. लाकूडतोड्याने फक्त ती कापली.

दुसरी बाजू : जेथे लाकूड महाग होते

याच्या उलट चित्र त्याच शतकात युरोपात दिसते. जर्मनीत लाकडाची टंचाई जुनी. तेथे गरीब लोक थुटे खणून काढून जळणाला वापरीत; हिवाळ्यात तेच त्यांचे सरपण. परंतु जंगले धनिकांच्या व सरकारच्या ताब्यात गेली, तसे पडलेल्या फांद्या गोळा करणे हाही चोरीचा गुन्हा ठरू लागला. १८४२ साली कार्ल मार्क्स हा चोवीस वर्षांचा तरुण पत्रकार होता. ऱ्हाईन प्रांताच्या विधिमंडळात लाकूडचोरीच्या कायद्यावर झालेल्या चर्चेवर त्याने लेखमाला लिहिली. गरिबांच्या भौतिक हितसंबंधांच्या प्रश्नाकडे आपण प्रथम वळलो ते या निमित्ताने, असे त्याने पुढे स्वतः नमूद केले आहे.

एकाच शतकात एका देशात पुरुषभर उंचीची थुटे रानात सोडून देत, आणि दुसऱ्या देशात काटक्या उचलणाऱ्या म्हातारीला न्यायालयात उभी करीत. माणसाचा स्वभाव दोन्हीकडे एकच होता. वेगळे होते ते लाकडाचे मोल आणि त्यावरील सत्ता.

नियम आला तो हिंदुस्थानच्या वाटेने

अमेरिकेत या नासाडीला पहिला लगाम घातला तो सरकारी जंगलांत. १८९७ च्या कायद्याने राखीव जंगलांतील लाकूड नियमाने विकण्याची तरतूद झाली आणि १९०५ साली गिफर्ड पिंशो यांच्या नेतृत्वाखाली तेथील वनखाते आजच्या रूपात उभे राहिले. हे पिंशो फ्रान्समधील नॅन्सीच्या वनविद्यालयात शिकले. त्यांना वडीलकीच्या नात्याने मार्ग दाखवणारे गृहस्थ होते डीट्रिख ब्रँडिस. हेच ब्रँडिस १८५६ पासून ब्रह्मदेशातील सागवानाच्या जंगलांचा कारभार पाहत होते आणि १८६४ साली हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झाले. ब्रह्मदेशात व हिंदुस्थानात जी वनव्यवस्था त्यांनी बसवली, तिच्यातला पुष्कळसा अनुभव अशा रीतीने अमेरिकेस पोहोचला. इंग्रजी अमलातील त्या व्यवस्थेने येथील आदिवासींचे जंगलावरील हक्क हिरावले, हे आम्ही विसरलो नाही. परंतु मोजून तोडावे आणि तोडलेले वाया घालवू नये, ही शिस्त तिच्यात होती, हेही सांगितले पाहिजे.

अमेरिकी वनखात्याच्या विक्रीच्या करारांत थुटाची कमाल उंची घातली जाऊ लागली. पुढे दीड फूट ही मर्यादा सर्रास रूढ झाली. त्याहून उंच थुट विनाकारण ठेवले, तर त्यातील लाकूड मोजून त्याचे पैसे घेणाऱ्याकडून वसूल करावयाचे, अशी कलमे आली. येथे एक बारकावा पाहण्यासारखा आहे. दंड मजुराला नव्हे. लाकूड विकत घेणाऱ्याला. आतापर्यंत मापपुस्तकात शून्य असलेले ते बुडाचे लाकूड एकाएकी मालकाच्या खर्चाच्या बाजूला दिसू लागले. त्याबरोबर मालकाने मुकादमाला सांगितले, मुकादमाने मजुराला सांगितले, आणि करवत खाली आली. उपदेशाने जे झाले नव्हते, ते एका कलमाने झाले.

मात्र हा नियम सरकारी जंगलापुरता. खाजगी जंगलांत जुनाच कारभार चालू राहिला. तेथे बदल घडला तो हळूहळू, लाकडाचा भाव चढल्याने, आणि तुकड्याताकड्यांचा लगदा करणाऱ्या कागदगिरण्या निघाल्याने. एका पिढीने फेकून दिलेल्या लाकडावर पुढची पिढी उपजीविका करू लागली. जुन्या सेडारच्या उंच थुटांतून छपराच्या फळ्या पाडण्यासाठी माणसे पुन्हा त्याच डोंगरांत गेली. आजोबांनी सोडलेले नातवाने गोळा केले, असे कित्येक घरांत झाले असेल.

मजुराने काय मागितले

या काळात लाकूडतोडे गप्प नव्हते. १९०५ साली शिकागोत स्थापन झालेल्या 'इंडस्ट्रियल वर्कर्स ऑफ द वर्ल्ड' या संघटनेने त्यांच्यात मूळ धरले. तळावरील राहणी अशी, की अंथरूण-पांघरूण मजुराने स्वतःच्या पाठीवर वाहून आणावयाचे, ओल्या कपड्यांनी कोंदलेल्या छपरीत दाटीने झोपावयाचे आणि दिवसाचे दहा तास राबावयाचे. १९१६ च्या ५ नोव्हेंबरला एव्हरेट बंदरात कामगारांच्या बोटीवर गोळीबार होऊन माणसे मेली. १९१७ च्या उन्हाळ्यात वायव्येकडील लाकूडधंद्यात प्रचंड संप झाला. महायुद्ध चालू होते, विमानांसाठी स्प्रूसचे लाकूड हवे होते. सरकारने सैनिकांना जंगलात पाठवले आणि मालक-मजुरांची एक सरकारी संघटना उभारून खऱ्या संघटनेला शह दिला. परंतु आठ तासांचा दिवस मात्र १ मार्च १९१८ पासून द्यावा लागला. स्वच्छ अंथरुणेही मिळाली. त्या वर्षीच्या मे दिनी मजुरांनी आपली जुनी वळकटी जाळून टाकली.

आठ तासांशी थुटाचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे. ही संघटना तुकड्यावरील कामाच्या विरुद्ध होती. तुकड्यावर राबणारा मजूर घाई करतो. घाईत अपघात होतात आणि घाईतच माल नासतो. जो मालक तुकड्याचा दर लावून वेग विकत घेतो, त्याने त्या वेगाबरोबर येणाऱ्या नासाडीची तक्रार करू नये. ज्याला नासाडी नको, त्याने मजुराला तासाचे पैसे द्यावेत आणि नीट काम करण्यास लागणारा वेळ द्यावा. हे आम्ही जंगलाबद्दल बोलत आहोत, परंतु आपल्या गावातील कोणत्याही कारखानदाराने ते स्वतःस लावून पाहण्यास हरकत नाही.

लाकूड वाचले, बोटे गेली

दुसऱ्या महायुद्धानंतर यांत्रिक करवत जंगलात आली. साखळीला दाते असलेली ही करवत आधीपासून ठाऊक होती, परंतु तिचे दाते लवकर बोथट होत. ऑरेगॉनमधील जोसेफ बफर्ड कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने लाकूड पोखरणाऱ्या एका किड्याची अळी निरखून पाहिली. ती आपल्या जबड्याने डावीउजवीकडे कुरतडत पुढे जाते, हे ध्यानात घेऊन त्याने १९४७ साली नव्या घडणीची साखळी बाजारात आणली. यानंतर फळीवर चढण्याचे कारण उरले नाही. जमिनीपासून वीतभर उंचीवर, राळ असो वा गाठ असो, करवत मिनिटांत आरपार जाऊ लागली. शंभर वर्षांचा प्रश्न एका हत्याराने सुटला, असे वाटले.

परंतु वाचलेल्या लाकडाची किंमत कोणी तरी भरीत होते. वीतभर थुट ठेवावयाचे, तर माणसाने दिवसभर कमरेत वाकावयाचे. आणि त्या यंत्राच्या थरथरीने बोटांतील रक्तवाहिन्या आकुंचन पावत. थंडीत बोटे पांढरी फटक पडत, बधिर होत, पुढे पुढे सदऱ्याचे बटण लावणे कठीण होई. १९६० नंतरच्या दशकात हा रोग अनेक देशांच्या लाकूडतोड्यांत आढळून आला. जपानमध्ये कामगार संघटनांनी हा प्रश्न लावून धरला आणि १९७० च्या सुमारास यांत्रिक करवत दिवसाकाठी दोन तासांहून अधिक चालवू नये, अशी मर्यादा तेथे घालण्यात आली. कारखानदारांनीही मग मुठीला रबरी आधार देऊन थरथर कमी करणाऱ्या करवती बनवल्या. त्या आधीच बनवता आल्या नसत्या काय? आल्या असत्या. परंतु लाकडाची नासाडी वहीत लिहिली जात होती आणि बोटांची नासाडी लिहिली जात नव्हती.

सांगावयाचे तात्पर्य, काटकसर हा शब्द ऐकला की आम्ही प्रथम विचारतो : कोणाच्या जिवावर? मालाची काटकसर आणि माणसाची उधळपट्टी असा सौदा जेथे होतो, तेथे नासाडी थांबलेली नसते. ती एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेलेली असते.

प्रत्येक थुट वाया गेलेले नसते

येथे न्यायाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. अमेरिकेच्या दक्षिण भागात लांब पानांच्या पाइनची जंगले तोडली गेली आणि लक्षावधी थुटे शेतांत राहिली. नांगर अडकतो म्हणून शेतकरी त्यांना शिव्या देत. काळाने बाहेरचे मऊ लाकूड कुजून गेले आणि आतला राळेने भिजलेला गाभा तेवढा उरला. १९१० च्या सुमारास होमर यारियन या गृहस्थाने हे गाभे खणून, त्यांचे बारीक तुकडे करून, वाफ व द्रावक यांच्या साहाय्याने राळ आणि टर्पेंटाईन काढण्याचे कारखाने घातले. १९२० साली ते कारखाने हर्क्युलिस या सुरुंगाची दारू बनवणाऱ्या कंपनीने घेतले. ती कंपनी तर थुटे उडवण्यास लागणारी दारूच विकत होती! कागद, साबण, रोगण या सर्वांना ती राळ लागे. परंतु शेकडो वर्षे जगलेल्या झाडांचीच थुटे अशी राळेने भरतात. नव्या लागवडीच्या कोवळ्या झाडांची नाहीत. जुनी थुटे विरळ होत गेली, आणि कागदाच्या लगद्यातून निघणाऱ्या राळेने त्यांची जागा घेतली.

आपल्याकडे चंदनाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. म्हैसूरच्या मुलखात चंदनाचे झाड तोडीत नसत, मुळांसकट उपटीत असत, कारण मुळांच्या गाभ्यात तेल भरपूर असते. १९१६ साली बंगळूरला सरकारी चंदनतेलाचा कारखाना निघाला, तो पहिल्या महायुद्धामुळे युरोपची बाजारपेठ बंद पडल्यावर. तेथे थुट हा शब्दच लागू नव्हता. वस्तू मोलाची असली म्हणजे माणूस मूळही सोडीत नाही.

सागवानाची गोष्ट उलट. सागाचे थुट जमिनीतच राहिले पाहिजे, कारण त्यालाच नवे धुमारे फुटतात आणि पुढचे झाड उभे राहते. म्हणून आपल्या वनखात्याचा जुना नियम असा, की थुट जमिनीलगत, सहा इंचांच्या आत ठेवावे आणि त्याचा माथा पाणी निथळून जाईल असा उतरता तासावा. उंच थुटावर फुटलेला धुमारा वाऱ्याने मोडतो. जमिनीलगतचा स्वतःची मुळे धरतो. येथे लाकडाची काटकसर आणि उद्याचे झाड या दोहोंचे हित एकच आहे.

अलीकडे फिनलंड-स्वीडनमध्ये यंत्रांनी थुटे उपटून जळणासाठी नेण्याचा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला. तेव्हा वनशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला, की कुजणाऱ्या थुटावर किडे, बुरशी व पाखरे जगतात, आणि थुट उपटताना जमीन उलथीपालथी होते. उलटपक्षी, इंग्लंडमध्ये जॉन रिशबेथ या शास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास दाखवले, की ताज्या थुटाच्या उघड्या माथ्यावर बुरशी रुजते आणि मुळांमुळांतून शेजारच्या निरोगी पाइनला मारते. म्हणून थेटफर्डच्या जंगलात थुटे काढून टाकावी लागली. एका जागी जे ठेवावयाचे तेच दुसऱ्या जागी काढावयाचे. सरसकट हुकूम येथे चालत नाही; त्या त्या जंगलाची माहिती लागते, आणि ती माहिती रोज तेथे राबणाऱ्या माणसाजवळ बरीच असते.

आपल्या घराजवळचा धडा

ठाणे जिल्ह्याचे उदाहरण देऊन आम्ही हे विवेचन संपवतो. १९४५ ते १९४७ या काळात कॉम्रेड गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली आदिवासी वेठबिगारीविरुद्ध उठले. जंगलतोडीच्या कामाला दिवसाला सव्वा रुपया मजुरी मिळाली पाहिजे, ही त्यांची एक मागणी होती. सव्वा रुपया! ज्याच्या कुऱ्हाडीखाली हजारोंचा साग पडतो, त्याला तेवढ्यासाठी संप करावा लागला. १९४७ साली मुंबई प्रांताचे पंतप्रधान बाळासाहेब खेर यांच्या प्रेरणेने जंगल कामगार सहकारी संस्था सुरू झाल्या. जंगलाचे कूप लिलावात ठेकेदारांना देण्याऐवजी मजुरांच्या संस्थांना द्यावेत, हा त्यांचा पाया. या संस्थांचा इतिहास निर्मळ नाही. नाव मजुरांचे आणि कारभार दुसऱ्यांचा, अशी टीका त्यांच्यावर झाली आणि ती निराधार नव्हती. तरीही मूळ कल्पनेचे मोल त्यामुळे कमी होत नाही. ठेकेदाराचा मजूर थुटात एक फूट लाकूड सोडतो, तेव्हा त्याचे काही जात नाही. संस्थेचा सभासद ते सोडतो, तेव्हा त्याच्या वाट्याचे जाते. शंभर पर्यवेक्षक जे करू शकत नाहीत, ते हा एक फरक करू शकतो, जर वाटा खरोखर त्याच्या हाती पडत असेल तर.

आपण सारे शहरात राहणारे लोक. आपला जंगलाशी संबंध येतो तो दार, खिडकी, पलंग आणि कागद यांच्या रूपाने. परंतु नासाडीची तक्रार आपल्या कानांवर रोज येते : गिरणीत, नगरपालिकेत, इस्पितळात, रेल्वेच्या गोदामात. ती कानी आली, की दोष कोणाचा हे ठरवण्यापूर्वी पाच गोष्टी विचाराव्यात. वस्तूचा स्वभाव काय, हत्यार कसे दिले आहे, माप कोणते लावले आहे, मजुरी कशावर ठरते आणि वाचलेल्या मालाचा फायदा कोणाला होतो. त्या पाचांची उत्तरे मिळाल्यावरही दोष मजुराचाच निघाला, तर त्याला खुशाल बोल लावावा. आम्हीही त्यात सामील होऊ. मात्र ती उत्तरे मिळण्याच्या आधी निघालेल्या नोटिशीवर सही करण्यास आमच्या संघटनेतील कोणीही तयार होणार नाही.